विभाजक आणि मूळ संख्या

दिलेल्या संख्येला ज्या संख्येने भागल्यावर बाकी शून्य उरते, ती तिची विभाजक संख्या. जुन्या पिढीच्या तोंडी ‘अवयव’ हा शब्द होता. ‘अवयव पाडणे’ मात्र वर्गात अजून चालू आहे. साताऱ्याचे २४ कंदी पेढे खोक्यात चार-चारच्या सहा ओळींत किंवा तीन-तीनच्या आठ ओळींत नीट बसतात. २३ पेढ्यांची एक तर एकच लांब रांग होते, नाहीतर शेवटची ओळ अपुरी राहते. २४ चे विभाजक १, २, ३, ४, ६, ८, १२ आणि २४. २३ चे दोनच, १ आणि २३. नेमके दोन विभाजक असलेली संख्या म्हणजे मूळ संख्या, दोनाहून अधिक असले तर संयुक्त संख्या. गाड्यांच्या पाट्यांवरचा साताऱ्याचा ११ मूळ आहे. सांगलीचा १० आणि कराडचा ५० संयुक्त.

१ दोन्हींत बसत नाही, कारण त्याला विभाजक एकच. प्रत्येक संयुक्त संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, क्रम काय तो बदलेल. १ ला मूळ मानले तर १० = २ × ५ = १ × २ × ५ = १ × १ × २ × ५ असे कितीही लिहिता येईल आणि हा नियमच मोडेल.

मुले हमखास फसतात ती ९१ पाशी. दिसायला मूळ, पण तेरा साती एक्याण्णव! १०० च्या आतली संख्या २, ३, ५, ७ यांनी तपासली की पुरे: ती संयुक्त असेल तर तिचा एक तरी मूळ अवयव १० पेक्षा लहान असतोच. एराटोस्थेनिसच्या चाळणीत, म्हणजे संयुक्त संख्या खोडत मूळ संख्या गाळून काढण्याच्या रीतीत, हेच करतात. १ आणि या चौघांच्या (ते स्वतः सोडून) पटी खोडल्यावर १०० पर्यंत २५ मूळ संख्या उरतात. त्या कधी संपत नाहीत, हे युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास सिद्ध केले.

अवयव पाडायला सांगलीचा पिनकोड फार सोयीचा आहे. ४१६४१६ म्हणजे ४१६ दोनदा, अर्थात ४१६ × १००१. आता १००१ = ७ × ११ × १३ आणि ४१६ = २ × २ × २ × २ × २ × १३. म्हणून त्यात २ पाच वेळा, १३ दोन वेळा, ७ आणि ११ एकेकदा येतात, आणि एकूण विभाजक ६ × ३ × २ × २ = ७२ भरतात. शेजारच्या मिरजेचा ४१६४१० फक्त सहाने कमी, पण त्याला ७, ११, १३ यांपैकी कशानेच भाग जात नाही.