पालिकेत अर्ज अडकलाय? सेवा हक्क कायद्याखाली अर्ज, कागदपत्रं आणि अपील कसं करायचं

नगरपालिकेत अर्ज टाकून दोन महिने झाले आणि अजून "साहेब मीटिंगला गेलेत, सोमवारी या" एवढंच ऐकायला मिळतंय, असं सांगणारी माणसं प्रत्येक गावात आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांना माहीतच नसतं की आपल्या राज्यात यासाठी वेगळा कायदा आहे, महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५, आणि तो २८ एप्रिल २०१५ पासून लागू आहे. या कायद्याने पालिकेच्या ठरावीक सेवांना दिवसांची मुदत घातली, ती सेवा देणारा अधिकारी कोण हे पदानुसार ठरवून दिलं आणि त्याने कारण नसताना उशीर केला तर दंड ठेवला. म्हणजे दाखला मिळणं ही कुणाची मेहेरबानी राहिलेली नाही, आणि तरी लोक अजून ओळखीचा माणूस शोधत फिरतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

आधी हा कायदा कुणाला लागू आहे ते बघू. मुंबई महापालिका चालते १८८८ च्या स्वतःच्या कायद्यावर, बाकीच्या महापालिका १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमावर, आणि नगरपरिषदा-नगरपंचायती १९६५ च्या कायद्यावर. आता इचलकरंजी आणि जालना धरून राज्यात २९ महापालिका झाल्यात. या सगळ्यांचे मूळ कायदे वेगवेगळे असले तरी सेवा हक्क कायदा सगळ्यांना सारखाच लागू आहे, त्यामुळे "आमची नगरपंचायत नवीन आहे, आमच्याकडे ते नसतं" असं कुणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका.

अजून एक गोष्ट सांगतो. मुंबई, पुण्यासारख्या महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक झाली थेट १५ जानेवारी २०२६ ला, मधली जवळपास चार वर्षं प्रशासक होते. त्या काळात फोन करायला नगरसेवकच नव्हता त्यामुळे लोक हताश व्हायचे, पण हा कायदा तेव्हाही चालूच होता. आता नगरसेवक आलेत, चांगलंच आहे, त्यांना जरूर सांगा, पण अर्ज मात्र कायद्याप्रमाणेच टाका, कारण फोनची नोंद कुठेच राहत नाही.

आता पात्रता. कायद्यात "पात्र व्यक्ती" म्हटलंय, म्हणजे ती सेवा मिळायला जो पात्र आहे तो कुणीही. त्यात संस्थासुद्धा येते, म्हणजे तुमची गृहनिर्माण सोसायटी स्वतःच्या नावाने नळजोडणीचा अर्ज करू शकते आणि अपीलही करू शकते. वकील लागत नाही, एजंट तर नाहीच नाही. अट एवढीच की तुम्ही मागताय ती सेवा त्या पालिकेच्या अधिसूचित, म्हणजे सरकारने जाहीर केलेल्या, यादीत पाहिजे. ही मोठी अट आहे हे लक्षात ठेवा, कारण रस्त्यावरचा खड्डा, न उचललेला कचरा, शेजाऱ्याचं अतिक्रमण असल्या तक्रारींना हा कायदा साधारणपणे उपयोगी पडत नाही, त्यासाठी तक्रारीचे मार्ग वेगळे आहेत. आणि माहिती हवी असेल तर तो माहितीचा अधिकार, तोही वेगळा, दोन्हींचे अर्ज एकात मिसळू नका, मग दोन्हीकडून काहीच हाती लागत नाही.

यादीत काय काय आहे? नगरविकास विभागाने पालिकांसाठी ज्या सेवा अधिसूचित केल्या त्यात जन्म दाखला ३ दिवस, मृत्यू दाखला ३ दिवस, मालमत्ता कराचा उतारा ३ दिवस, थकबाकी नसल्याचा दाखला ३ दिवस, झोन दाखला म्हणजे जमीन कुठल्या वापराच्या झोनमध्ये येते त्याचा दाखला ७ दिवस, घरपट्टीला नाव लावणं म्हणजे मालमत्ता हस्तांतरणाची नोंद १५ दिवस, नळजोडणी १५ दिवस, भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे बांधलेली इमारत वापरायची परवानगी ३० दिवस आणि बांधकाम परवाना ६० दिवस अशा मुदती आहेत. नंतर यादी वाढत गेली, त्यामुळे तुमच्या पालिकेची ताजी यादी बघा. प्रत्येक कार्यालयाने सेवा, मुदत, फी, लागणारे कागद, पदनिर्देशित अधिकारी म्हणजे ती सेवा द्यायची जबाबदारी ज्याच्यावर आहे तो, आणि पहिलं-दुसरं अपील ऐकणारे दोन्ही अपिलीय अधिकारी हे सगळं बोर्डावर लावायचं असतं. बऱ्याच ठिकाणी तो बोर्ड जिन्याखाली नाहीतर कपाटामागे असतो पण असतो, शोधा आणि मोबाईलमध्ये फोटो काढून घ्या, पुढे अपील लिहिताना तोच फोटो कामाला येतो.

जन्म दाखल्याबद्दल एक खुलासा. ३ दिवस आहेत ते आधीच नोंद झालेल्या जन्माचा दाखला द्यायला. जन्माची नोंदच राहून गेली असेल आणि वर्ष उलटलं असेल तर ते प्रकरण १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली वरच्या अधिकाऱ्याच्या आदेशाने चालतं, तिथे ३ दिवसांचा हिशोब लावू नका.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते घरपट्टीला नाव लावण्यात, म्हणून त्याचे कागद नीट सांगतो. फ्लॅट किंवा घर विकत घेतलं असेल तर नोंदणीकृत खरेदीखताची प्रत, सूची क्रमांक २ ज्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात ते, म्हणजे नोंदणी कार्यालयाचा त्या व्यवहाराचा गोषवारा, चालू वर्षापर्यंत कर भरल्याची पावती, आधार किंवा दुसरं ओळखपत्र, आणि सोसायटी असेल तर बऱ्याच पालिका सोसायटीचं ना हरकत पत्र मागतात. १९४९ च्या कायद्यातल्या कराच्या नियमात असंही आहे की खरेदी-विक्री झाल्यावर तीन महिन्यांत पालिकेला कळवायचं, आणि कळवलं नाही तर जुना मालकही करासाठी जबाबदार राहतो. त्यामुळे घर विकणाऱ्यानेसुद्धा "आता माझा काय संबंध" म्हणून सोडून देऊ नये.

वारसाने नाव लावायचं असेल तर मृत्यू दाखला, सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र, मृत्युपत्र असेल तर त्याची प्रत, काही ठिकाणी कोर्टाचा वारस दाखला, आणि कराची पावती. इथे पालिकेला कळवायची मुदत मृत्यूपासून एक वर्ष आहे. आता यात खरी गोम कुठे असते सांगतो. आमच्या ओळखीच्या एक काकू आहेत, काका गेल्यावर घरपट्टी स्वतःच्या नावावर करायला गेल्या तर दोन मुलींनी आधी साध्या कागदावर "आमची हरकत नाही" लिहून दिलेलं होतं, आणि खिडकीवर त्यांना सांगण्यात आलं की हक्कसोडपत्र आणा. ही दोन्ही वेगळी आहेत. ना हरकत म्हणजे आईचं नाव लावायला मुलींची हरकत नाही एवढंच, त्यांचा हिस्सा तसाच राहतो. हक्कसोडपत्र म्हणजे हिस्साच सोडून देणं आणि ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलंच लागतं, साध्या कागदावरचं चालत नाही. सगळ्या वारसांची नावं एकत्र लावायची असतील तर हक्कसोडपत्राची गरजच नाही. काकूंनी शेवटी तिघींची नावं लावायचा अर्ज दिला आणि काम झालं. घाईघाईत, नुसतं पालिकेत काम अडलंय म्हणून, कुणीही हक्कसोडपत्रावर सही करू नका, विशेषतः बहिणींनी.

आणि हे पण मनात पक्कं ठेवा की घरपट्टीला नाव लागलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नाही. ती कराची नोंद आहे. प्रॉपर्टी कार्ड असेल तर ते नगर भूमापन कार्यालयात वेगळं, सातबारा असेल तर तलाठ्याकडे वेगळं, एकीकडे बदललं म्हणून दुसरीकडे आपोआप बदलत नाही.

झेरॉक्सवर स्वतःची सही करून "स्वयंसाक्षांकित" लिहिलं की बहुतेक ठिकाणी चालतं, २०१५ मध्येच शासनाने त्याचा निर्णय काढला. प्रत्येक पानासाठी राजपत्रित अधिकारी शोधत फिरायचे दिवस गेले. मूळ कागद दाखवायला बरोबर न्या पण खिडकीवर सोडून येऊ नका.

अर्ज आपले सरकार पोर्टलवर, महापालिकेच्या स्वतःच्या वेबसाईटवर, नागरी सुविधा केंद्रात किंवा सरळ आवक-जावक विभागात देता येतो. कुठेही द्या, पण पोहोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. कायद्याने पोहोच द्यावीच लागते आणि तिच्यावर अर्जाचा विशिष्ट क्रमांक, तारीख आणि सेवेची मुदत पाहिजे. नुसता गोल शिक्का आणि वेडीवाकडी सही असलेली पोहोच असेल तर तिथेच उभं राहून आवक क्रमांक आणि तारीख लिहून मागा. ऑनलाईन केला असेल तर पावतीचा स्क्रीनशॉट आणि पीडीएफ दोन्ही ठेवा. हा नंबर नसेल तर पुढचं काहीच होत नाही, अपीलही नाही.

मुदत मोजायला सुरुवात होते ती सगळ्या बाबतीत पूर्ण असलेला अर्ज मिळाल्याच्या तारखेपासून. बरीचशी गडबड इथेच होते. १५ दिवसांची सेवा असते, तेराव्या-चौदाव्या दिवशी फोन येतो की कागद कमी आहे, आणि मग म्हणतात दिवस परत पहिल्यापासून. यावर माझा सल्ला असा की बोर्डावरच्या किंवा पोर्टलवरच्या कागदांच्या यादीची प्रिंट काढायची, अर्जाला "सोबत जोडलेले कागद" म्हणून तीच क्रमाने लिहायची आणि पोहोच त्या पानावर घ्यायची. म्हणजे यादीतलं सगळं त्या दिवशी दिलं होतं हे कागदावर राहतं. तरी त्रुटी काढली तर लेखी मागा. अर्ज नाकारला तर कारणं लेखी द्यावी लागतात आणि अपील कुणाकडे, किती दिवसांत करायचं तेही त्याच पत्रात सांगावं लागतं. तोंडी नकार हा नकारच नाही, त्यामुळे तो ऐकून घरी येऊ नका.

निवडणूक किंवा पुरासारख्या आपत्तीच्या काळात मुदत वाढवायची सोय कायद्यात आहे, तसं कारण दिलं तर कोणत्या आदेशाने वाढवली ते विचारा.

आता अपील. अर्ज नाकारल्याचं पत्र मिळालं किंवा मुदत संपली की त्या दिवसापासून ३० दिवसांत पहिलं अपील करायचं, त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे, नाव बोर्डावर असतं. आजारपणासारखं सबळ कारण असेल तर जास्तीत जास्त ९० दिवसांपर्यंत घेतात, पण त्या भरवशावर राहू नका. लोकांना अपील म्हटलं की कोर्ट आठवतं आणि घाबरायला होतं, पण हे एक पानी पत्र असतं. साधारण असं लिहा: "मी अमुक तारखेला मालमत्ता हस्तांतरण नोंदीसाठी अर्ज केला, अर्ज क्रमांक अमुक. सेवेची मुदत १५ दिवस असून ती अमुक तारखेला संपली. अद्याप सेवा मिळालेली नाही व लेखी कारणही कळवलेलं नाही. तरी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ च्या कलम ९ अन्वये हे प्रथम अपील करत आहे. सेवा देण्याचा आदेश व्हावा आणि विलंबाबद्दल कलम १० प्रमाणे कार्यवाही व्हावी." खाली नाव, पत्ता, मोबाईल, सही आणि सोबत अर्जाची प्रत, पोहोच, त्रुटीचं किंवा नकाराचं पत्र असेल तर ते. एवढंच. रागाच्या भरात कुणी पैसे मागितले, कुणी अपमान केला हे सगळं यात कोंबू नका, लाचेची तक्रार असेल तर त्यासाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभाग आहे आणि त्यांचा फोन १०६४.

माझं मत विचाराल तर अर्धी कामं या एका पानावरच होतात, कारण कलम १० मध्ये दंड आहे, कमीत कमी ५०० आणि जास्तीत जास्त ५००० रुपये, आणि तो पदनिर्देशित अधिकाऱ्याला स्वतः सोसावा लागतो. रक्कम मोठी नाही, पण आपल्या नावावर दंडाची नोंद कुणालाच नको असते.

पहिल्या अपिलाचा निर्णय ३० दिवसांत व्हायला पाहिजे. तो पटला नाही तर आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत दुसऱ्या अपिलीय अधिकाऱ्याकडे दुसरं अपील, आणि आदेशच आला नाही तर पहिलं अपील दाखल केल्यापासून ४५ दिवस झाल्यावर दुसरं अपील करता येतं. त्याचा निर्णय ४५ दिवसांत. पहिला अपिलीय अधिकारी वारंवार अपील कुजवत असेल किंवा खालच्याला चुकीचं पाठीशी घालत असेल तर त्यालाही तेवढाच दंड होऊ शकतो, हे दुसऱ्या अपिलात जरूर लिहा.

त्यानंतर तिसरं अपील महाराष्ट्र राज्य सेवा हक्क आयोगाकडे, ६० दिवसांच्या आत. मुख्य आयुक्त मुंबईत बसतात आणि महसूल विभागांसाठी वेगळे आयुक्त आहेत, तुमचा जिल्हा ज्या विभागात येतो तिथे अपील जातं, म्हणजे साताऱ्याच्या माणसाला मुंबई गाठायची गरज नाही. आयोगाने ९० दिवसांत निकाल द्यायचा असतो. इथे जाताना सगळे कागद तारखेच्या क्रमाने लावा आणि वर एक छोटा तक्ता जोडा, अर्ज कधी, मुदत कधी संपली, पहिलं अपील कधी, आदेश काय, दुसरं कधी. पोर्टलवरून अर्ज केला असेल तर अपीलही त्याच लॉगिनमधून टाका, जुने क्रमांक शोधत बसायला लागत नाही. कागदावर केला असेल तर पोस्टाने पाठवताना स्पीड पोस्टच करा, आणि पावती अपिलाच्या तुमच्याकडच्या प्रतीला स्टेपल करून ठेवा.