रजोनिवृत्तीतली हार्मोन थेरपी आणि ब्रेस्ट कॅन्सर

पाळी कायमची गेली की शरीरात इस्ट्रोजेन हे बायकांचं मुख्य हार्मोन बनणं जवळपास थांबतं, मग अंगातनं गरम वाफा निघतात, रात्री घामानं गाऊन भिजतो, झोप उडते, आणि त्यावर जे हार्मोन बाहेरून देतात त्यालाच एचआरटी (हार्मोन रिप्लेसमेंट थेरपी) म्हणतात. गोळी, पॅच, जेल, काहीही असू शकतं. गर्भपिशवी असेल तर नुसतं इस्ट्रोजेन देत नाहीत, पिशवीचं अस्तर वाढून तिथेच कॅन्सर होऊ शकतो, म्हणून जोडीला ते अस्तर आवरणारं प्रोजेस्टोजेन हे दुसरं हार्मोन लागतं. पिशवी काढलेली असेल तर एकटं इस्ट्रोजेन पुरतं. ब्रेस्ट कॅन्सरचा निम्मा हिशोब इथेच ठरतो.

भीती पसरली ती जुलै २००२ पासून. अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या अभ्यासात ५० ते ७९ वयाच्या १६,६०८ बायका होत्या, साधारण अर्ध्या जणींना दोन्ही हार्मोनची एकत्र गोळी (त्यातलं इस्ट्रोजेन गाभण घोडीच्या लघवीतून काढलेलं) आणि बाकीच्यांना औषध नसलेली गोळी, आणि हा अभ्यास सरासरी ५.२ वर्षांवरच थांबवला. बातमी झाली ब्रेस्ट कॅन्सरचा धोका २६ टक्क्यांनी वाढतो, बायकांनी गोळ्या बंद केल्या. आकडा खराच होता, पण तो कशाच्या २६ टक्के हे फार कमी जणींना कुणी नीट समजावलं. १०,००० बायकांमागे वर्षाला ३० जणींना होणारा कॅन्सर ३८ जणींना झाला, म्हणजे ८ जास्त. त्या ८ जणी कुणाच्या तरी आया-बहिणीच आहेत, त्यामुळे क्षुल्लक नाहीच, पण "चौघीत एकीला होतो" असंही नाही.

याच अभ्यासात पिशवी काढलेल्या १०,७३९ जणींचा वेगळा गट होता, नुसत्या इस्ट्रोजेनवर, तिथे ब्रेस्ट कॅन्सर वाढला नाही, पुढच्या वर्षांत तर कमीच दिसला. २०१९ ला 'लॅन्सेट' या वैद्यकीय मासिकात जगभरच्या अभ्यासांची बेरीज आली ती मात्र जरा वेगळं सांगते: पन्नाशीत सुरू करून ५ वर्षं घेतलं तर पुढच्या २० वर्षांत, रोज दोन्ही हार्मोन घेणाऱ्या ५० जणींमागे १ जास्तीचा कॅन्सर, नुसत्या इस्ट्रोजेनवर २०० जणींमागे १. जास्त वर्षं घेतलं तर धोकाही जास्त, आणि औषध सोडल्यावरही तो थोडाफार १० वर्षांपेक्षा जास्त टिकतो.

योनीत लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमनं मात्र या बेरजेत धोका वाढलेला दिसला नाही, कोरडेपणाचा त्रास सोसत बसणाऱ्या बायकांना हे आवर्जून सांगायला हवं. ज्यांना आधीच ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेलाय त्यांना गोळ्या-पॅच सहसा देत नाहीत, अशा बायकांना हार्मोन देऊन पाहणारा स्वीडनमधला एक अभ्यास कॅन्सर पुन्हा उलटण्याचं प्रमाण वाढलं म्हणून २००३ च्या शेवटी थांबवावा लागला होता.