वातड भाकरी आणि कडक भाकरी

सोलापुरातल्या साध्या खानावळीत दुपारी जेवायला बसले की वाढपी हमखास सांगतो, ''गरम आहे तोवर खाऊन घ्या, वाळली की भाकरी वातड होईल.'' सल्ला अगदी योग्य आहे, पण त्यामागचे कारण तसे नाही, कारण वातड झालेल्या भाकरीतले पाणी बहुतांशी तिच्यातच असते.

ज्वारीत ग्लुटेन, म्हणजे गव्हातले चिवट प्रथिन, नसते, म्हणून तिचे पीठ कणकेसारखे ताणले जात नाही. ते कढत पाण्यात मळले की पिठातील स्टार्चचे (पिष्टाचे) काही कण पाणी शोषून फुगतात आणि त्यांचा चिकटपणा पीठ धरून ठेवतो. पुढे तव्यावर, साधारण ७० अंश सेल्सिअसच्या आसपास, उरलेल्या कणांची स्फटिकी रचना मोडते आणि अमायलोज व अमायलोपेक्टिन या स्टार्चच्या रेणूंच्या लांब साखळ्या मोकळ्या होतात. भाकरीचा मऊपणा तो हाच. भाकरी निवू लागली की या साखळ्या पुन्हा एकमेकींना समांतर येऊन घट्ट बांधल्या जातात आणि भाकरी वातड होते. अमायलोज हे काम काही तासांत उरकते, अमायलोपेक्टिनला मात्र कित्येक दिवस लागतात. हवाबंद ठेवलेला, पाणी न गमावलेला पावही शिळा होतो आणि तापवल्यावर पुन्हा मऊ होतो, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बूसँगो यांनी १८५२ मध्येच दाखवले होते. अमायलोपेक्टिनचे नवे स्फटिक ६० अंशांच्या आसपास वितळतात. अमायलोजचे वितळायला १०० अंशांहून बरेच अधिक तापमान लागते, म्हणून पुन्हा शेकलेली भाकरी ताज्या भाकरीची बरोबरी करत नाही. फ्रिजच्या थंडाव्यात ही पुनर्बांधणी अधिकच वेगाने होते, तेव्हा उरलेली भाकरी तिथे ठेवू नये.

अशा बांधल्या गेलेल्या स्टार्चचा काही भाग लहान आतड्यात पचत नाही, म्हणजे त्याची साखर होत नाही, हे खरे आहे. परंतु तेवढ्यावरून शिळ्या भाकरीने मधुमेह बरा होतो असे संदेश पसरवणे घातक आहे, कारण त्यावर विसंबून कोणी औषध सोडले तर भोगावे त्या रुग्णालाच लागते.

शेंगाचटणीसोबत मिळणारी आपली कडक भाकरी मात्र खरोखरच वाळवलेली असते. पातळ थापून मंद आचेवर तिच्यातले जवळजवळ सर्व पाणी घालवले जाते. पाण्यावाचून साखळ्यांना हालचालच करता येत नाही, त्यामुळे भाकरी वातड न होता काचेसारखी ठिसूळ बनते, आणि बुरशीलाही पाणी न मिळाल्याने कोरड्या डब्यात ती कित्येक दिवस टिकते. आमटीत कुस्करली की साखळ्यांमध्ये पाणी परत शिरते आणि ती काही मिनिटांत मऊ होते.