बारावीचा भूगोल : जुन्या मॅट्रिकपासून दोन महापुरांपर्यंत

पावसाळ्यात कोल्हापुरात घरोघरी एकच चौकशी असते : पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आलं? ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. तीच पोरं दहावी झाली की बहुतेक जण भूगोलाला रामराम ठोकतात. त्याचं मूळ पन्नास वर्षांपूर्वीच्या एका बदलात आहे.

पूर्वी शाळा अकरावीपर्यंत होती आणि मॅट्रिक म्हणजे ती जुनी अकरावी. १९६४ ते ६६ दरम्यानच्या कोठारी आयोगाने १०+२+३ हा आकृतिबंध सुचवला. महाराष्ट्रात त्यानुसार नव्या दहावीची पहिली परीक्षा १९७५ साली झाली. दहावीपर्यंत भूगोल सामाजिक शास्त्रांत सक्तीचा राहिला. पुढची दोन वर्षं मात्र शाखांमध्ये वाटली गेली आणि भूगोल कला शाखेच्या वाट्याला आला. विज्ञान शाखेतूनही तो घेता येतो, पण पीसीएमबीच्या (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, जीवशास्त्र) ओझ्याखाली त्याच्याकडे फारसं कुणी वळत नाही. पाऊस, माती, उतार, नदी शिकवणारा विषय असा विज्ञानाच्या मुलांपासून तुटला. माझ्या मते या विषयाचं याहून मोठं नुकसान दुसऱ्या कशाने झालं नाही.

या सगळ्यात प्रात्यक्षिक टिकून राहिलं, ही मोठी गोष्ट. आज शंभर मार्कांपैकी ८० लेखीचे आणि २० प्रात्यक्षिकाचे. टोपोशीट, म्हणजे स्थलनिर्देशक नकाशा, मुलं पहिल्यांदा नीट हाताळतात ती इथेच. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पद्धतीत चार अंश अक्षांश आणि चार अंश रेखांशाच्या चौकोनाला एक क्रमांक असतो. आपल्या भागाचा ४७. त्याचे ए ते पी असे सोळा भाग पडतात, त्यांतल्या ‘एल’मध्ये कोल्हापूर शहर येतं. ही विभागणी कळली की नकाशात आपलं गाव सापडतं. समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, पश्चिमेला घाटाकडे एकमेकींना चिकटलेल्या, म्हणजे उतार तीव्र; पूर्वेला शिरोळकडे लांब लांब पसरलेल्या, म्हणजे जमीन सपाट. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात कोसळणारा पाऊस शिरोळला जेमतेम पाचशेच्या आसपास उरतो, आणि तरीही पुरात शिरोळच बुडतं. का, ते त्या रेषांत दिसतं. हे पाहिलेला मुलगा पुराची बातमी वेगळ्या नजरेने वाचतो.

अभ्यासक्रम बदलला तो २०१९-२० मध्ये. अकरावीला नवं पुस्तक आलं : भूहालचाली, विदारण (खडकांची फूट-झीज), हवामान बदल, आपत्ती व्यवस्थापन. पुढच्या वर्षी बारावीचं आलं : लोकसंख्या, वस्त्या, व्यवसाय, प्रादेशिक विकास. म्हणजे निसर्ग आधी आणि माणूस नंतर.

नव्या पुस्तकाची ही पहिली बॅच अकरावीत स्थिरावत होती तोच ऑगस्ट २०१९ चा महापूर आला. पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, पुणे-बेंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला, चिखली-आंबेवाडी या गावांतली घरं पाण्यात गेली. आपत्ती व्यवस्थापनाचा धडा वर्गात येण्याआधीच दारात आला. मग कोरोना. २०२१ ची बारावीची परीक्षाच रद्द झाली आणि दहावी, अकरावी व बारावीचं अंतर्गत मूल्यमापन यांवरून ३०, ३० आणि ४० टक्क्यांच्या भाराने निकाल काढला गेला. निकाल लागला ३ ऑगस्ट २०२१ ला. त्याच्या दहा-बारा दिवस आधीच, जुलैच्या उत्तरार्धात, पंचगंगेने पुन्हा २०१९ सारखीच उंची गाठली होती. दोन महापुरांच्या मधे अकरावी-बारावी केलेल्या या मुलांनी बारावीचा बोर्डाचा भूगोलाचा पेपर लिहिलाच नाही.

त्यांच्या मागच्या बॅचचं आणखी वेगळं. २३ मार्च २०२० ला त्यांचा दहावीचा भूगोलाचा पेपर होता. तो आधी पुढे ढकलला, मग रद्द झाला आणि बाकीच्या विषयांच्या सरासरीवरून मार्क मिळाले. अकरावी बरीचशी मोबाइलवरच गेली. त्यामुळे टोपोशीटही अनेकांनी पडद्यावर बोटांनी मोठं करून पाहिलं. ज्या कागदावर पट्टी ठेवून अंतर मोजायचं, तो हातात आलाच नाही. नियमित विद्यार्थ्यांपैकी नव्या अभ्यासक्रमाचा बारावीचा भूगोल बोर्डात पहिल्यांदा लिहिला तो याच मुलांनी, २०२२ मध्ये, २५ टक्के कमी केलेल्या अभ्यासक्रमावर.