दृढीकरण (मृदेचे)

जलसंपृक्त (छिद्रे पाण्याने पूर्ण भरलेल्या) मातीवर भार आला असता तिच्या छिद्रांतील पाणी हळूहळू निघून जाऊन तिचे घनफळ घटण्याची क्रिया. रोलर फिरवून मातीतील हवा घालवणे म्हणजे संहनन. ती क्रिया निराळी. मुंबईत खाडीकाठच्या भरणीची जमीन वर्षानुवर्षे खचत राहते, ती मुख्यत्वे खालच्या गाळाच्या दृढीकरणामुळे.

नवा भार प्रथम छिद्रांतील पाणी पेलते. पाणी झिरपत जाईल तसा तो कणांच्या सांगाड्यावर उतरतो आणि सांगाडा दबतो. एकूण ताणातून छिद्रजलदाब वजा करता उरतो तो प्रभावी ताण. या संकल्पनेच्या जनकत्वाविषयी मतभेद आहेत. अभियंते कार्ल टर्झागी यांनी इस्तंबूल येथील प्रयोगांवरून १९२३ मध्ये दृढीकरणाचे समीकरण मांडले. सर्वसाधारणपणे श्रेय त्यांनाच दिले जाते. व्हिएन्नाचे प्राध्यापक पॉल फिलुंगर धरणांतील जलदाबाच्या प्रश्नावर १९१३ च्या सुमारासच लिहीत होते. १९३६ मध्ये त्यांनी टर्झागींवर जाहीर टीका केली. या वादावरील चौकशी समितीचा कौल फिलुंगर यांच्या विरुद्ध गेला आणि १९३७ मध्ये त्यांनी व त्यांच्या पत्नीने आत्महत्या केली. घन व द्रव यांचा एकत्रित विचार फिलुंगर यांनी अधिक काटेकोरपणे केला, हे अलीकडील अभ्यासकांचे म्हणणे ग्राह्य वाटते. मात्र खचण्याच्या कालावधीचे व्यवहारात चालणारे गणित टर्झागींचेच.

मुंबईत बेसाल्टवर मुरूम आणि खाडीलगत त्यावर करडी, मऊ सागरी चिकणमाती आढळते. रिक्तता गुणोत्तर (छिद्रांच्या घनफळाचे कणांच्या घनफळाशी प्रमाण) २ असलेल्या अशा मातीत दोन-तृतीयांश घनफळ छिद्रांचेच असते. खडकापर्यंत नेलेल्या पाइलवरची (पायाच्या खोल खांबांवरची) इमारत जागची हलत नाही, पण भोवतालचे अंगण खचते, जोत्यापाशी फट पडते, मलवाहिन्या तुटतात. शिवाय खचणारी माती पाइललाही खाली ओढते, आणि हा वाढीव भार पायाच्या आराखड्यात धरावा लागतो.

दृढीकरणाला लागणारा काळ निचऱ्याच्या अंतराच्या, म्हणजे पाण्याला बाहेर पडण्यासाठी कापाव्या लागणाऱ्या वाटेच्या, वर्गाच्या प्रमाणात असतो: अंतर निम्मे केले की काळ चौथाई. म्हणून ही वाट आखूड करण्यासाठी गाळात वाळूचे खांब किंवा प्लॅस्टिकच्या उभ्या निचरापट्ट्या घालतात आणि पाणी लवकर निघावे म्हणून वर तात्पुरता भराव रचतात.

छिद्रजलदाब ओसरल्यावरही माती मंदपणे दबत राहते. हे दुय्यम दृढीकरण होय. ते मुख्य क्रियेनंतर सुरू होते की तिच्यासोबतच, यावर एकमत नाही. जाड थरांच्या अंदाजात या दोन गृहीतांमुळे बराच फरक पडतो.