बॅटरी-मापक, मोटारगृहातील

राहण्याची सोय असलेल्या वाहनात (मोटारगृह, कॅराव्हॅन) घरगुती वापराच्या बॅटरीत किती वीज शिल्लक आहे, हे दाखवणारे उपकरण. इंजिन सुरू करणारी बॅटरी वेगळी; तिच्याशी याचा सहसा संबंध नसतो.

मापकाचा गाभा म्हणजे शंट : बॅटरीच्या ऋण अग्राशी जोडलेला, अत्यल्प रोधाचा धातूचा ठोकळा. प्रचलित ५०० अँपिअरच्या शंटमधून पूर्ण प्रवाह वाहताना त्याच्या टोकांत ५० मिलिव्होल्ट विभवांतर पडते. म्हणजे रोध ०.१ मिलिओहम. त्यावरून प्रवाह काढून अँपिअर-तासांचा (प्रवाह गुणिले वेळ) जमाखर्च मांडतात. पडद्यावरची टक्केवारी अशी हिशेबाने येते, ती थेट मोजलेली नसते. एखादे उपकरण शंट वगळून परस्पर ऋण अग्राला जोडले, तर त्याचा खर्च वहीत चढतच नाही.

मापक निव्वळ प्रवाह दाखवतो. सौर नियंत्रक (पॅनेलची वीज बॅटरीला योग्य प्रमाणात देणारे उपकरण) ८ अँपिअर देत असताना फ्रिज ५ अँपिअर घेत असेल, तर मापकावर +३ दिसतात. भर दुपारी २०० वॉटच्या पॅनेलमधून जेमतेम ३० वॉट येताना पाहून पॅनेल बिघडल्याची शंका घेतली जाते. बहुधा बॅटरी भरत आलेली असते व तिला अधिक प्रवाह नको असतो.

शिसे-अम्ल बॅटरीच्या हिशेबात पॉयकर्टचा नियम वापरतात. जर्मन संशोधक विल्हेल्म पॉयकर्ट यांनी तो १८९७ मध्ये मांडला, असे सामान्यतः मानतात. प्रवाह वाढला की हाती येणारी धारिता घटते, हा त्याचा आशय. ही घट किती तीव्र, हे सूत्रातील घातांक सांगतो; तो साधारणपणे १.१ ते १.३. घातांक १.२ धरल्यास, ५ अँपिअरने २० तास चालणारी (१०० अँपिअर-तास) बॅटरी २० अँपिअरने सु. ३.८ तासच चालते, म्हणजे सु. ७६ अँपिअर-तास देते. उरलेले २४ नष्ट झाले असे काही वर्णनांत सुचवले जाते. संशोधक डोर्फेल व शार्ख यांनी २००६ मध्ये दाखवले, की हे सूत्र स्थिर प्रवाह व स्थिर तापमान यांपुरतेच विश्वसनीय आहे आणि जोराने उपसलेल्या बॅटरीतून पुढे कमी प्रवाहाने आणखी वीज काढता येते. मोटारगृहात पंप, दिवे, इन्व्हर्टर यांमुळे प्रवाह सतत बदलत असल्याने हेच मत अधिक ग्राह्य वाटते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत घातांक १ च्या जवळ असल्याने वाद जवळपास मिटतो.

निव्वळ व्होल्टेजवरून अंदाज करण्याची जुनी रीत शिसे-अम्ल प्रकाराला चालते, पण बॅटरी काही तास स्वस्थ असावी लागते : सु. १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. लिथियम प्रकारात मधल्या मोठ्या पल्ल्यात व्होल्टेज १३.२ च्या आसपासच रेंगाळते, त्यामुळे तेथे ही रीत निरुपयोगी ठरते.

जमाखर्चातील चूक दिवसेंदिवस साचते. व्होल्टेज ठरावीक मूल्यावर असून आत जाणारा प्रवाह अगदी उतरला, की मापक स्वतःला १०० टक्क्यांवर आणतो. सौर चार्जिंगमध्ये येथेच फसगत होते : ढग आल्याने प्रवाह घटतो, व्होल्टेज मात्र क्षणभर चढेच राहते आणि अर्धवट बॅटरी ‘पूर्ण’ ठरते. त्यासाठी व्होल्टेजची अट नियंत्रकाच्या शोषण-टप्प्याच्या (व्होल्टेज स्थिर ठेवून बॅटरी भरण्याच्या टप्प्याच्या) मूल्याहून किंचितच खाली ठेवतात व या अटी किती वेळ टिकायला हव्यात तो प्रतीक्षाकाल वाढवतात.