धुऱ्यावरचा जर्बिल

१८०७ साली थॉमस हार्डविक यांनी गंगेच्या मैदानातल्या एका उंदराचे वर्णन केले आणि त्याला ‘डायपस इंडिकस’ हे नाव दिले. डायपस हे मध्य आशियाच्या वाळवंटात मागच्या दोन पायांवर उड्या मारणाऱ्या जर्बोआचे नाव. या उंदराचेही मागचे पाय लांब, रंग वाळूचा, शेपटी अंगाहून लांब आणि टोकाला झुपका. दिसण्यावर गेले तर गल्लत होणारच. हाडे मात्र वेगळे सांगतात. जर्बोआच्या मागच्या पावलातली मधली तीन लांब हाडे जुळून एकच नळी झालेली असते. या उंदरात ती सुटी असतात. म्हणून आज तो ‘टाटेरा इंडिका’, म्हणजे भारतीय जर्बिल. त्याचे कुळ म्युरिडी, घरातल्या उंदराचेच, आणि उपकुळ जर्बिलिनी. जर्बोआ डायपोडिडी कुळातला, तर तसाच उड्या मारणारा अमेरिकेतला कांगारू उंदीर हेटेरोमायिडी कुळातला. जर्बिलला १६ दात, कांगारू उंदराला २०.

तिन्ही कुळांत मध्यकर्णाभोवतीचे हाड फुगलेले आढळते. त्यामुळे घुबडाच्या पंखांचा किंवा झेपावणाऱ्या सापाचा अगदी खालच्या पट्टीतला आवाजही ऐकू येतो. उघड्या माळावर जगायचे तर हा कान हवाच, म्हणून तो वेगवेगळ्या वंशांत स्वतंत्रपणे घडला. नाते ठरवताना त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

थरच्या वाळवंटात जर्बिलच्या जातींची वाटणी जमिनीप्रमाणे झालेली दिसते. सरकत्या टेकड्यांवर केसाळ तळव्यांचा छोटा जर्बिल राहतो. घट्ट रेताड मैदानात वाळवंटी जर्ड वसाहती करतो आणि भर दिवसा बाहेर हिंडतो. टाटेरा निशाचर आहे आणि त्याने वाळवंटाची हद्द कधीच ओलांडली आहे; भारतात तो जवळजवळ सर्वत्र पसरला आहे.

नागपूर काही वाळवंट नव्हे, इथे वर्षाला सुमारे ११०० मिलिमीटर पाऊस पडतो. पण मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा वाळवंटी घराण्याच्या सवयी इथेही कामी येतात. दिवस बिळात काढायचा, कारण खोल मातीत तापमान फारसे हलत नाही आणि हवेत ओल टिकते. लघवी अगदी घट्ट करून पाणी वाचवायचे. कोरड्या दाण्यातूनही पाणी मिळते: १०० ग्रॅम स्टार्च शरीरात जळला की सुमारे ५५ ग्रॅम पाणी तयार होते.

त्याची खरी अडचण काळी कापसाची जमीन आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात बीळ एकतर दबते नाहीतर पाण्याने भरते. म्हणून जर्बिल शोधायचा तो बरड, मुरमाड रानात, निचऱ्याच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, नाल्याच्या उंच काठावर. काळ्या शेतातल्या भेगांत राहणारा उंदीर बहुधा मऊ केसांचा शेतउंदीर असतो, आणि बिळाबाहेर मातीचा मोठा ढिगारा दिसला तर घुशीचा संशय आधी घ्यावा. ओळखायची पक्की खूण म्हणजे वरच्या पटाशीच्या दातावरची उभी खाच. ती घुशीला किंवा घरउंदराला नसते.

बिळांची तोंडे मोजून उंदरांची संख्या काढू नये. एका बिळाला अनेक तोंडे असतात, काही वाटा तर जमिनीच्या पापुद्र्याखालीच थांबतात. धोका आला की जर्बिल तो पापुद्रा फोडून पळतो. संध्याकाळी सगळी तोंडे मातीने हलकेच बुजवावीत आणि सकाळी किती उघडली ते पाहावे. पाऊस झालेल्या रात्री हे करू नये, वाहून आलेली माती हिशेब बिघडवते. उघडलेली तोंडे ‘वापरातील’ म्हणून नोंदवावीत, उंदीर म्हणून नव्हे.

मेलेला जर्बिल उघड्या हाताने उचलू नये. भारतात रानातल्या प्लेगचा हा मुख्य वाहक मानला जातो, आणि उंदराचे अंग थंड पडू लागले की पिसवा त्याला सोडून दुसरे ऊबदार शरीर शोधतात. एकाच रानात पाठोपाठ अनेक उंदीर मेलेले दिसले, तर तिथे बीळ उकरत न बसता प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे.